पाचशेचा नकाशा

ईट गावातल्या आमच्या घरात सगळ्यात चांगला उजेड स्वयंपाकघरात पडायचा, म्हणून आभाळाचे नकाशे तिथंच पसरले जायचे. शहाबादी फरशीवर आधी आईचं पीठ, मग आक्काचे कागद, मग जेवणाची ताटं, असा दिवसाचा क्रम ठरलेला होता आणि तो मोडला की भांडण व्हायचं. क्रम मी लावून दिला होता. कुठली वस्तू कधी कुठं असावी हे मला लहानपणापासून सांगता यायचं, आणि घरातले ते ऐकायचे, कारण न ऐकलं तर आईला पिठात रंगीत पेन्सिली सापडायच्या. आज धाराशिवला एका शाळेच्या कार्यालयात मी हेच काम करते. पगार मिळतो, एवढाच फरक.

आक्का माझी थोरली बहीण. पुण्याला जाऊन हवामानाचं शिक्षण घेऊन आली होती आणि कळंबच्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होती. मी तेव्हा बारावीला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटीत कंडक्टर. आमच्या घरात मेंढरं सोडून नोकरीला लागलेले ते पहिलेच. मेंढरं त्यांच्या धाकट्या भावाकडं, म्हणजे नानांकडं राहिली. नाना आणि नानी दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचे ते पेरणीच्या तोंडावर घरी यायचे. मधून कधीतरी पीठ, मीठ, तंबाखू न्यायला एकदोन दिवस येऊन जायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघी होतो, त्यामुळं त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

शेजारी खव्याची भट्टी होती. दुपारी गावातलं दूध तिथं यायचं आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या कढईत उलथणं फिरत राहायचं. खर्रर, खर्रर. आमच्याकडं पाहुणा आला तर त्याला तो आवाज पहिली रात्र सहन व्हायचा नाही. आम्हाला तो बंद पडला तरच कळायचा. आटलेल्या दुधाचा वास कपड्यांना, वह्यांना, आक्काच्या नकाशांनासुद्धा लागलेला असायचा. कॉलेजात पोरी तिला विचारायच्या, मॅडम, तुम्ही पेढे घेऊन येता का रोज.

हे नकाशे आक्का कळंबच्या नेट कॅफेतून छापून आणायची. ते काय असतात हे तिनं आम्हाला एकदा जेवताना सांगितलं होतं आणि मला ते पक्कं लक्षात राहिलं. देशातल्या थोड्याच शहरांतून रोज सकाळ-संध्याकाळ मोठे फुगे सोडतात. फुग्याला एक डबी बांधलेली असते. वर जाता जाता ती हवेचा दाब, गारवा, ओल आणि वारा कळवत राहते आणि फुगा फुटला की पडते. मग ठिकठिकाणचे आकडे जोडून रेघा काढतात आणि त्यावरून पुढच्या दोनतीन दिवसांचे नकाशेही बनवतात. जमिनीवर हवेचा दाब हजाराच्या आसपास असतो, वर जावं तसा तो कमी होतो. तो जिथं पाचशेवर येतो, त्या उंचीचा नकाशा तो पाचशेचा. आक्का त्याला मधली माडी म्हणायची. खालच्या माडीच्या नकाशात समुद्राकडून ओल किती आली ते बघायचं, ती हिरवी रंगवायची. मधल्या माडीवर गारठा किती उतरलाय ते बघायचं, तो निळा. सगळ्यात वरच्या माडीवर वाऱ्याचा लोंढा कुठून जातोय ते बघायचं, तो तांबडा. मग तिन्ही कागद एकावर एक धरून पूर्वेच्या खिडकीच्या काचेला लावायचे. उजेड आरपार आला की तीन रंग जिथं एकमेकांवर पडतील, तिथं वादळाला जागा. खाली गरम आणि ओलं, मध्ये थंड, वर जोरदार वारा, असं जमलं की ढग उंच चढतो आणि गारा धरतो.

आई म्हणायची, “ह्याच्यापेक्षा माझी कंबर बरी. दुखली की पाऊस.”

“तुझी कंबर दोन दिवस आधी सांगते का?” आक्का विचारायची.

“तिला काय फुगा बांधलाय?”

आदल्या वर्षी गारपिटीनं आमच्या भागात ज्वारी झोपली होती आणि नानांच्या ओळखीतल्या एका कळपाची निम्मी मेंढरं उघड्या माळावर मेली होती. मेंढराला गार लागते ती डोक्यात. पळायला जागा असून ते पळत नाही, सगळी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. ती गोष्ट नानांनी आमच्या पायरीवर बसून सांगितली होती, आणि सांगताना तंबाखू मळायचे थांबले होते. त्यानंतर आक्का नकाशे आणायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

होळी होऊन गेली होती. नाना-नानी पीठ न्यायला आले होते, कळप जवळच्याच शिवारात एका ओळखीच्याच्या नजरेखाली ठेवून. आईनं हुलग्याचे शेंगोळे केले होते, कारण नानांना दुसरं काही दिलं तरी ते शेवटी शेंगोळ्याचंच नाव काढायचे. नाना पायरीवर, नानी उंबऱ्याच्या आत, अण्णा ड्युटीवरून येऊन नुसत्या बनियनवर. आक्कानं फरशीवरून कागद उचलले आणि काचेला लावले.

“काय गं मास्तरीण,” नाना म्हणाले, “आज कितीचा नकाशा?”

“पाचशेचा.”

“पाचशेचा! आन् कागदाला लावला व्हय सगळा पैसा? एक कोकरू आलं आसतं त्येच्यात.”

“तुम्ही बघा तर खरं, नाना.”

ते उठून खिडकीपाशी गेले. मेंढरामागं चालणारी माणसं घरात आली की थोडी वाकूनच चालतात, तसे. त्यांनी रंगांकडं बराच वेळ बघितलं.

“ह्यात माझं वावर दाव.”

“वावर न्हाय दिसत. हे बघा, माझ्या बोटाखाली सगळा जिल्हा झाकलाय.”

“मग गाव?”

“गावबी न्हाय. फुगे लांबलांबच्या शहरातून सुटतात. मधली रेघ अंदाजानं काढलेली असते. एवढ्या पट्ट्यात कुठंतरी होणार, एवढंच कळतंय. परवा दुपारनंतर. गारा लई मोठ्या असतील.”

“कुठंतरी,” नाना म्हणाले. “आमी पण कुठंतरीच असतो की.”

अण्णा हसले. आक्का हसली नाही. तिनं निळ्या रंगावर बोट ठेवलं. एवढा गारठा एवढ्या खाली उतरलेला तिनं त्या मोसमात पाहिला नव्हता, हे ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती.

“परवा मेंढरं कुठं बसणार तुमची?” तिनं विचारलं.

मेंढरं बसणं म्हणजे रात्री कळप एखाद्याच्या मोकळ्या रानात जाळीच्या वाघुरात कोंडायचा. रानाला खत मिळतं, कळपवाल्याला धान्य मिळतं. कुणाच्या रानात कुठल्या रात्री, हे आधी बोलून ठरतं, आणि तो शब्द मोडला तर पुढच्या साली ते रान दुसऱ्याकडं जातं. नानांनी परवाचा शब्द कळंबच्या वाटेवरच्या एका पाटलाला दिला होता. रान माळावर. झाड नाही, भिंत नाही.

“माळावर थांबू नका,” आक्का म्हणाली. “आडोशाला घ्या मेंढरं.”

“शब्द दिलाय, पोरी.”

“शब्दाचं म्या बघते,” नानी आतून म्हणाली. “पाटलीनबाईला सांगते, एक रात उशिरा बसवू. त्या काय खाणार हायत व्हय आमाला? माळाच्या खाली ओढ्याला चिंचा हायत की. जुन्या. त्येच्याखाली गार पोचत न्हाय.”

आक्का कागद खाली घेत होती. ती थांबली.

“मेंढरं चिंचेखाली राहू द्या,” ती म्हणाली. “पण तुम्ही झाडाखाली उभं राहू नका, नाना. वीज पडते.”

“मेंढरं झाडाखाली आन् म्या भाइर?” नाना म्हणाले. “गारात काय नाचू व्हय? नानी, तू हलगी वाजिव.”

सगळे हसले. नानी तोंडावर पदर धरून हसली, अण्णांना ठसका लागला. आक्कापण हसली. मग शेंगोळे वाढले.

ती परवाची दुपार मला वस्तूंच्या क्रमानं आठवते. वारा पडला. भट्टीवरचा धूर सरळ वर जायला लागला. कोंबड्या लवकर खुराड्यात शिरल्या. कळंबच्या बाजूला एक ढग उभा राहिला, त्याचा माथा वर जाऊन सपाट झाला आणि लोहाराच्या ऐरणीसारखा पूर्वेकडं सरकत गेला. आक्काला त्या दिवशी तास नव्हता. ती अंगणात उभी राहून मला बोटानं दाखवत होती, बघ, वरचा वारा बघ, तांबडी रेघ आठवते ना, तीच. तिचा आवाज खुललेला होता. जे कागदावर रंगवलं ते दोन दिवसांनी समोर उभं राहिलं, तर कुणाचाही खुलेल. आमच्याकडं चार थेंब पडले आणि मातीचा वास आला. गार एक नाही. आई म्हणाली, गेलं वाटतं लांबून.

फोन संध्याकाळी आला, पाटलांच्या घरातून. अण्णांनी तो घेतला. ते दोनदा “व्हय” म्हणाले आणि फोन ठेवून शर्ट घालायला लागले. बटणं खालीवर लागली होती, मी ती नीट लावून दिली. नानीजवळ बाई माणूस पाहिजे म्हणून मी भाड्याच्या जीपमध्ये बसले. आई पाय दुखतात म्हणून मागं राहिली. आक्काला कुणी ये म्हणालं नाही, आणि नको असंही कुणी म्हणालं नाही. ती दारात उभी राहिली.

माळ पांढरा झाला होता. रानातल्या सरींमध्ये गारा साचून राहिल्या होत्या, लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या, आणि त्यांच्यावरून थंड वाफ सरकत होती. कडुलिंबाला पान उरलं नव्हतं. पाटलाची एक गाय गोठ्याबाहेर राहिली होती ती आडवी पडलेली. वाटेत पोपट पडलेले होते, मी त्यांच्यावरून उडी मारत गेले. ज्या रानात कळप बसायचा ठरला होता तिथं ज्वारीची धसकटंसुद्धा मातीत गेली होती. मेंढरं तिथं असती तर एकही राहिलं नसतं, असं जीपवाला म्हणाला. तो बरोबर बोलत होता.

ओढ्याला चार चिंचा होत्या. तीन जशाच्या तशा. चौथीच्या खोडावरून वरपासून खालपर्यंत साल निघाली होती आणि आतलं लाकूड ओलं, पिवळसर दिसत होतं. तिच्या बुंध्याभोवती काही मेंढरं बसल्यासारखी मेली होती. नाना त्यांच्यात बुंध्याला टेकून होते. अंगावर घोंगडं, हात घोंगड्याच्या आत. जखम दिसत नव्हती. अण्णा त्यांच्याजवळ बसले आणि “बापू” म्हणाले. लहानपणी ते नानांना बापू म्हणायचे हे मला तेव्हाच कळलं.

बाकीची मेंढरं इतर झाडांखाली उभी होती. खांद्याला खांदा लावून, चांगली धडधाकट. नानी पलीकडच्या चिंचेखाली होती. तिनं कोकरं मांडीजवळ ओढून त्यांच्यावर घोंगडं टाकलं होतं. मी हाक मारली तरी तिनं बघितलं नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ती खूप मोठ्यानं, बाजारात बोलावं तसं बोलली.

“कोकरं मोज.”

मी मोजली. एकदा मोजून खात्री वाटेना म्हणून परत मोजली. सगळी होती. तसं सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, म्हणून मान हलवून सांगितलं. मग ती उठली.

त्यानंतरच्या कामांत मला काही अडचण आली नाही. तलाठ्यांना पंचनाम्यासाठी फोन, गावातल्यांना निरोप, मेलेली मेंढरं पुरायला खड्डा, नानीचे कपडे, जीपवाल्याला चहा. एक झालं की दुसरं. रडू कधी येणार याची मी वाट बघत होते, जशी एखाद्या ठरलेल्या बसची बघावी, आणि ती आली नाही. अजूनही मला कुणाच्या जाण्यानंतर तसंच होतं. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. मी त्यांना दुरुस्त करत बसत नाही.

दहाव्याला नानीचे थोरले भाऊ आले होते. पंगत बसली होती, आक्का आमटी वाढत होती. त्यांच्या पानापाशी ती वाकली तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, ऐकू जाईल असं, “शिकलेल्या पोरीनं आभाळ वाचलं आन् चुलता घालवला. त्यो काय स्वतःहून गेला आसता चिंचंखाली? माळावर बसायचं ठरलं हुतं.”

शेजारचा म्हणाला, “माळावर आसता तर बी गेला आसता, दाजी. आन् मेंढरंबी.”

“त्ये कुणी बघितलंय?”

आक्कानं आमटीचा डाव भांड्यात ठेवला, भांडं माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी उरलेली पंगत वाढली. नानी भिंतीशी बसली होती. त्या विजेनं तिचा डावा कान कायमचा गेला होता, उजव्यात जवळून मोठ्यानं बोललं तरच जायचं. भाऊ काय बोलले ते तिला कळलं नाही असं आम्ही सगळे धरून चाललो.

आक्कानं नकाशे बंद केले. जाहीर काही केलं नाही. कळंबहून येताना तिच्या पिशवीत कागद नसायचे, एवढंच. रंगीत पेन्सिली माझ्या डब्यात आल्या. फरशीवर आईचं पीठ, मग ताटं, मधली जागा रिकामी. अण्णांनी बराचसा कळप विकला. थोडी मेंढरं नानीनं ठेवून घेतली. घरी बसून खा, असं सगळे म्हणाले तेव्हा ती म्हणाली, बसून काय खाऊ, मला बसता येत न्हाय. दोन कुत्री घेऊन ती जवळपासच्या गावांतून फिरायची, रानं बसवायची, आठपंधरा दिवसांनी घरी यायची. तिचं बोलणं मोठं झालं होतं. ती घरात असली की शेजारच्या भट्टीवाल्यालाही आमच्या घरात काय चाललंय ते कळायचं. नानांचा विषय निघत नसे. काढायचा नाही असं ठरलं नव्हतं, पण कुणी सुरुवात करत नव्हतं.

मी एकदा आक्काला विचारलं, तू बरोबरच सांगितलं होतंस ना? ती वर्गातल्या पेपरांना गुण देत होती. म्हणाली, “झाडाखाली उभं राहू नका, हे मी हसत सांगितलं.” मग तिनं पुढचा पेपर ओढला. मी परत विचारलं नाही.

पुन्हा होळी झाली. नानी पीठ न्यायला आली. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. नानीनं एक घास खाल्ला आणि खिडकीकडं बघून मोठ्यानं विचारलं, “कागद कुठं गेलं गं?”

आक्कानं चटणीची वाटी तिच्याकडं सरकवली.

“मला ऐकू येत न्हाय म्हणून बोलंनास व्हय?”

आक्का उठून तिच्या उजव्या बाजूला बसली. “बंद केलं, नानी.”

“का?”

“मला नाही जमत.”

“जमतंय तुला. पाटलाच्या माळावर गार पडली का न्हाय? तू म्हणली तवाच पडली. आता म्या एकटी हाय रानात. मला कोण सांगणार? तुझ्या आईची कंबर?”

आई म्हणाली, “बघ बाई.”

“सांगून काय उपयोग,” आक्का म्हणाली. “वावर दिसत न्हाय त्यात. कुठं उभं राहायचं ते दिसत न्हाय.”

“मग दिसतंय तेवढं सांग की. आन् कुठं उभं राह्याचं ते तुला ठावं हाय. गेल्या बारीला अर्धंच सांगितलंस.”

आक्कानं तोंड नानीच्या कानाजवळ नेलं आणि एकेक शब्द वेगळा करून, ओरडून सांगितलं. आमच्या घरात आक्का ओरडलेली मी ऐकली ती तेवढीच.

“वाघूर सोडायचं. मेंढरं जिथं असतील तिथं टाकायची. तुम्ही पक्क्या घरात जायचं. शाळा, देऊळ, कुणाचंबी घर. मेंढरांजवळ थांबायचं न्हाय.”

शेजारची कढई थांबल्यासारखी वाटली. थांबली नसेल.

नानीनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “आन् मेंढरं?”

“मरतील काही.”

“हे त्येंला का न्हाय म्हणलीस?”

“ऐकलं नसतं त्यांनी.”

नानीनं विचार केला. “न्हाय,” ती म्हणाली. “नसतं ऐकलं.” मग पाणी प्याली. “कागद आण जा उद्या.”

आता माझ्या फोनवर इशारे आपोआप येतात. पिवळा, नारिंगी, लाल. आला की मी शाळेत घंटा देते, पोरांना मैदानातून वर्गात घेते, मोठ्या झाडांखालच्या सायकली तिथंच राहू देते. एक शिक्षक दरवेळी म्हणतात, मॅडम, मागच्या वेळी तर काहीच झालं नाही. मी म्हणते, बरं झालं. आक्का दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते आणि अजून कागद रंगवते. त्या वर्षी मात्र फोन करायलाच लागायचा, आणि नानीजवळचा साधा मोबाईल मीच तिच्या कमरेच्या पिशवीत बांधून दिला होता. नुसतं वाजून तिला कळलं नसतं, म्हणून थरथरेल असा करून दिला.

तसा दिवस चैत्रात आला. हिरवं, निळं, तांबडं, तिन्ही काचेवर एकाच जागी. आक्कानं आदल्या संध्याकाळी फोन केला, सकाळी केला, दुपारी केला. नानी दरवेळी म्हणाली, “व्हय, कळलंय, किती बार सांगशील.” ती चार कोसांवर होती. गावाबाहेर शाळा, तिच्यापलीकडं माळ, माळावर मेंढरं. दुपारी आमच्याकडंही अंधारून आलं आणि या वेळी गारा आमच्या अंगणातही पडल्या. पत्रा इतका वाजत होता की आईनं काय विचारलं ते मला ओठांवरून कळलं. आक्का फोन कानाला लावून भिंतीशी उभी होती. लागत नव्हता. परत लावला. परत.

गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला, तेव्हा फोन नानीकडूनच आला. आक्कानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“कुठं हाय तुम्ही?” आक्का ओरडली.

“साळंत. व्हरांड्यात पानी यायलंय म्हणून खोलीत आले. कुलूप नव्हतं.”

“एकट्याच?”

“मग काय वरात आणू? सुट्टी हाय साळंला.” नानी थोडी थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. “सोडून आले. जाळी सोडली, कुत्री मागं येईनात, त्येंलाबी टाकून आले. तू म्हणलीस तसं.”

“बरं केलंत.”

“पावसात काय दिसंना. आन् मला ऐकू येत न्हाय.”

आई फोनजवळ सरकली.

“ऐकायलीस का?” नानी म्हणाली. “म्या आता फोन खिडकीच्या भाइर धरते. माळाकडं. तू ऐक आन् मला सांग. कानाशी आणते मग.”

खरखर झाली. मग पावसाचा आवाज मोठा झाला. वाऱ्यानं फोन भरून गेला, मग थोडा कमी झाला. आक्का खाली फरशीवर बसली, तिनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला. आता फक्त तिलाच ऐकू येत होतं. आई, अण्णा आणि मी तिच्याकडं बघत होतो. तिनं डोळे मिटले होते. बराच वेळ गेला. नानीचा हात दुखत असेल, भिजत असेल, असं माझ्या मनात आलं.

मग तिकडून नानीचा आवाज आला, आम्हालाही ऐकू जाईल एवढा मोठा.

“बोल.”

“वरडायलीत,” आक्का म्हणाली. मग लक्षात येऊन ओरडली, “वरडायलीत, नानी!”

“किती?”

“ते कळत न्हाय.”

“बरं,” नानी म्हणाली. “पाऊस उघडंपतूर हितंच बसते.”